रॅपर मधेच बासरी का वाजवतो? मिक्स अल्बमबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं रॅपबद्दल जे विचारतात, आणि कधीकधी त्यांचे आईबाप पण विचारतात, ते सगळं इथे एकत्र टाकलंय. मी जळगावात एका छोट्या खोलीत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो त्यामुळे उत्तरं जरा त्या अंगाने जातात. मतं माझी आहेत, नाही पटली तर पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: रॅपरने अल्बममध्ये जॅझ, रॉक, लोकगीत असं सगळं मिसळलं तर तो रॅप अल्बम राहतो का?

बहुतेक वेळा राहतो. आणि एखादवेळी नाही राहिला तरी काही आभाळ कोसळत नाही. आउटकास्ट या जोडीतला आंद्रे ३०००, त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'न्यू ब्लू सन' काढला, त्यात रॅपची एक ओळ नाही, सगळ्या बासऱ्या आणि त्यामागे संथ वाजणारं काहीतरी, पहिलाच ट्रॅक बारा मिनिटं वीस सेकंदांचा, आणि त्याचं नावच अशा अर्थाचं की देवाशपथ मला रॅप अल्बमच करायचा होता पण यावेळी वारा मला इकडे घेऊन गेला. आता त्याने स्वतःच सांगून टाकल्यावर आपण कशाला भांडायचं? आणि गंमत म्हणजे तोच ट्रॅक अमेरिकेच्या हॉट १०० या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत शिरला, त्या यादीत आलेलं तोपर्यंतचं सगळ्यात लांब गाणं.

प्रश्न: पण "शुद्ध" हिप हॉप असं काही असतंच ना?

नाही भो. हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मे प्रश्न संपतात. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क नावाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली, हिप हॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख धरतात. त्याने काय केलं, तर दुसऱ्यांच्याच फंक आणि सोल रेकॉर्ड घेतल्या, त्यात गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो तो तुकडा पकडला, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा लांबवत नेला. म्हणजे पहिल्या दिवसापासून कच्चा माल दुसऱ्याचाच. पुढे १९८२ ला आफ्रिका बंबाटाच्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये जर्मनीच्या क्राफ्टवर्कची चाल आली आणि खाली रोलंडचं ८०८ हे ड्रम मशीन, तिथून इलेक्ट्रॉनिकचा रस्ता उघडला. १९८६ ला रन-डीएमसीने एरोस्मिथ या रॉक बँडला सोबत घेऊन त्यांचंच जुनं गाणं परत केलं. १९९१ मध्ये ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टच्या 'द लो एंड थिअरी'वर रॉन कार्टरने बास वाजवला, हा माणूस माइल्स डेव्हिससोबत वाजवलेला, जॅझमधला मोठा बुजुर्ग. त्यामुळे आज कोणी म्हणत असेल की रॅपवाल्यांनी हल्लीच भेसळ चालू केली, तर त्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही एवढंच समजायचं.

प्रश्न: मग "एक्सपेरिमेंटल अल्बम" म्हणून एवढा गाजावाजा कशाला करतात?

एक गाणं मिक्स करणं सोपं आहे, पाऊण तासाचा पूर्ण अल्बम तसा टिकवणं अवघड आहे, म्हणून. एका गाण्यात गिटार आली की लोक म्हणतात भारी, पण बारा गाण्यांत बारा वेगळे मसाले पडले तर तो अल्बम राहत नाही, लग्नातली पंगत होते.

केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरचा मार्च २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' घ्या. त्यात जॅझ आहे, फंक आहे, मधे नुसतं बोलणं आहे, पण सगळीकडे तीच तीच माणसं वाजवतायत, थंडरकॅटचा बास, टेरेस मार्टिनचा सॅक्सोफोन, रॉबर्ट ग्लास्परचा पियानो, कमासी वॉशिंग्टन. हे लोक स्टुडिओत बसून वाजवत होते, कुठल्या सॅम्पल पॅकमधून, म्हणजे आयत्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांच्या संचातून, आलेले नव्हते, त्यामुळे केंड्रिक आवाज चढवतो तेव्हा खालचं संगीत पण त्याच्यासोबत चढतं, तो थांबला की तेही थांबतं. रॅपर आणि वादक एकमेकांचं ऐकतायत हे कळतं. माझ्या लेखी चांगल्या मिक्स अल्बमची खूण हीच. दुसरं संगीत नुसतं मागे वाजत असेल आणि रॅपर त्याच्यावर आपलं नेहमीचंच बोलत असेल तर तो प्रयोग नाही, फक्त बॅकग्राउंड बदललं.

उलटं उदाहरण पण आहे. २००३ चा आउटकास्टचा 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' हा डबल अल्बम, दोघांनी एकेक डिस्क वाटून घेतली, बिग बॉयची रॅप आणि फंकची, आंद्रेची बरीचशी गाण्याची. एकत्र बसतच नाहीत म्हटलं तर नाही बसत, तरी २००४ ला अल्बम ऑफ द इयरचा ग्रॅमी घेऊन गेले. त्याआधी १९९९ ला लॉरिन हिलने तो घेतला होता, तिच्या अल्बममध्ये पण रॅप, सोल, रेगे सगळं गळ्यात गळा घालून आहे.

प्रश्न: असे प्रयोग फसतात का?

हो तर. लिल वेनने २०१० ला 'रीबर्थ' नावाचा रॉक अल्बम काढला, तेव्हा तो रॅपमध्ये सगळ्यात वर होता, आणि समीक्षकांनी धू धू धुतला. ऐकलं तर लगेच कळतं, गिटार आहे, ड्रम आहेत, पण रॉकवाला जसा गाण्याचा चढ बांधतो तसं काही नाही, नुसता रॉकचा कोट अंगात घातलेला. याच्या उलट लिल याटीचा जानेवारी २०२३ चा 'लेट्स स्टार्ट हिअर', सायकेडेलिक रॉक, याच्याकडून तर कोणाला अपेक्षाच नव्हती कारण पोरगं मजेशीर ट्रॅप, म्हणजे जड बासवरचं रॅप, करणारं म्हणून माहीत, पण त्याने त्या संगीताची माणसं सोबत घेतली, गाणी लांब होऊ दिली, स्वतःचा आवाज पण त्यात वितळू दिला. सगळ्यांना आवडला असं नाही. मला आवडला.

प्रश्न: ऑटोट्यून म्हणजे चीटिंग ना?

ऑटोट्यून १९९७ ला आलं ते गायकाचा सूर हळूच सरळ करायला. रॅपवाल्यांनी ते मुद्दाम इतकं ताणलं की त्याचंच वाद्य झालं. कान्ये वेस्टचा नोव्हेंबर २००८ चा '८०८एस अँड हार्टब्रेक' ऐका, आई गेली, लग्न ठरलेलं मोडलं, आणि हा माणूस रॅप सोडून मशीनच्या आवाजात रडतोय. तेव्हा खूप लोक चिडले होते. नंतरच्या दहा वर्षांत अर्धं रॅप तसंच ऐकू यायला लागलं. म्हणजे चीटिंग नाही, पण तुमच्या आवाजात सांगण्यासारखं काही नसेल तर ऑटोट्यून ते आणून देत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न: इंग्रजी येत नाही, तरी ऐकू का?

ऐका ना. पहिल्यांदा शब्द सोडून द्या, फक्त आवाज कुठे ठेक्याच्या पुढे पळतो आणि कुठे मागे रेंगाळतो ते बघा. दुसऱ्यांदा ऐकताना मोबाइलवर शब्द उघडून ठेवा. आपल्या आज्यांना तरी हिंदी पिक्चरची सगळी गाणी कुठे समजत होती.

प्रश्न: भारतात कोणी केलंय का असं?

भरपूर. मुंबईच्या डिवाइन या रॅपरचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्यापेक्षा या विषयाला जवळचं म्हणजे मुंबईचाच स्वदेसी हा रॅप ग्रुप. त्यांचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलाबद्दल आहे आणि त्यात प्रकाश भोईर हे तिथलेच आदिवासी कार्यकर्ते स्वतः गातायत, त्यांच्या आवाजाचं दोन सेकंदाचं सॅम्पल लावून काम भागवलेलं नाही. फरक ऐकूनच कळतो. चेन्नईत २०१८ च्या सुरुवातीला द कास्टलेस कलेक्टिव्ह स्टेजवर आलं, तिथल्या वस्त्यांतलं गाना संगीत आणि रॅप एकत्र, त्यातलाच अरिवू. आणि २०२४ ला 'तांबडी चामडी'ने तर मराठी थेट हाउस म्युझिकवर, म्हणजे क्लबमध्ये नाचायच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर, बसवली, क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांनी, आणि ते गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून गेलं. परदेशातले डीजे मराठी शब्दांवर नाचवतायत, शब्द कोणाला कळतायत?

प्रश्न: अहिराणी गाणी आधीच मिक्स नाहीत का? मग रॅपरने वेगळं काय करायचं?

बरोबर पकडलं. 'हाई झुमका वाली पोर' ज्याने लग्नात ऐकलं नाही असा माणूस खान्देशात सापडणं कठीण. कीबोर्डवरची बँडची चाल, खाली डीजेचा ठोका, वर अहिराणी बोली, हे मिक्सच आहे आणि ते करणाऱ्यांनी कधी त्याला प्रयोग वगैरे म्हटलं नाही. तिकडे नंदुरबारकडे टिमली हे आदिवासी नाचाचं संगीत वाजते, ती तर गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरून इकडे तिकडे फिरतच असते.

रॅपरला करण्यासारखं काय उरतं? मला विचाराल तर विषय. आपल्याकडच्या हिट गाण्यांत पोरगी, झुमका, पैंजण, सासुरवाडी हे फार झालंय, आणि वाईट नाही ते, नाचायला लागतंच. पण केळीचा भाव पडला, कापूस घरात पडून आहे, उन्हाळ्यात बोअर आटली, पोरगं सुरतला डाइंग मिलमध्ये गेलं, हे त्याच ठेक्यावर कोण बोलतंय? रॅपचं कामच जास्त शब्द कमी वेळात सांगणं आहे. चार ओळींच्या गाण्यात जे मावत नाही ते सोळा बारच्या व्हर्समध्ये, म्हणजे रॅपच्या सोळा ओळींच्या कडव्यात, मावतं.

प्रश्न: आपला ठेका आणि रॅप एकमेकांवर बसतच नाहीत, मी ट्राय केलं. काय चुकतंय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा लांब लिहितो.

रॅपचा बीट बहुतेक चारचा असतो, एक दोन तीन चार, बार संपला. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो चारमध्ये आरामात बसतो, दोन बार झाले की एक आवर्तन. म्हणून टाळमृदंगाच्या तालावर रॅप करायला पोरांना त्रास होत नाही. पण आखाजीची झोक्याची गाणी, लग्नातली बरीच गाणी, यांना सहाचा झोका असतो, दादऱ्यासारखा. त्याच्यावर चारचा सरळ रॅप टाकला की दोन बैल दोन दिशेला ओढतायत असं होतं. उपाय सोपा आहे, प्रत्येक ठोक्यावर दोन किंवा चार अक्षरं टाकण्याऐवजी तीन टाका. यालाच ट्रिप्लेट फ्लो म्हणतात, मिगोस या अटलांटाच्या तिघांनी २०१३ पासून तो इतका वापरला की सगळ्या जगाला त्याची सवय झाली. त-कि-ट त-कि-ट असं तोंडाने म्हणून बघा आधी, शब्द नंतर भरा. ढोलकीवाला सोबत असेल तर त्यालाच म्हणायला सांगा, त्याला हे लहानपणापासून येतं, फक्त याला ट्रिप्लेट म्हणतात हे माहीत नसतं.

दुसरी गोष्ट. बहिणाबाईंची ओवी घ्या. 'अरे संसार संसार', मोजा, आठ अक्षरं. पुढची ओळ पण आठ. आता ९० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांचा, साधा बूम बॅप (जुन्या पद्धतीचा) बीट लावा, एका बारमध्ये आठ अर्धे ठोके असतात, प्रत्येकावर एक अक्षर, ओळ आणि बार बरोबर एकत्र संपतात. जात्यावर दळताना हाताची जी फेरी होते त्याच्याशी जुळलेली ही रचना आहे, ती लूपवर बसणारच ना. मग त्याच बारमध्ये दोन ओळी घालून वेग दुप्पट करा, मधेच एक ओळ रिकामी सोडा, हे खेळ तिथून पुढे. असोद्याच्या शाळेत न गेलेल्या बाईने जे मीटर हातात धरलं होतं ते आपल्या पोरांना मोबाइलच्या अॅपवर सापडत नाही, असो.

तिसरी गोष्ट अहिराणीची. करस, जास, येस, देस, मी असो की तू असो की तो, शेवटी स येतोच. यमक फुकटात मिळतं. म्हणून पोरं सोळाच्या सोळा ओळी स वर संपवतात आणि चौथ्या ओळीनंतर ऐकणाऱ्याला झोप लागते. यमक ओळीच्या मधे लपवा, शेवट दुसऱ्या आवाजावर करा. तावडी आणि लेवा बोलीत शेपट्या वेगळ्या आहेत, एका व्हर्समध्ये दोन बोलीची दोन पात्रं आणली तर आपोआप चव बदलते. जळगावचा भाजी विकणारा आणि साक्रीचा घेणारा, एवढ्यावर आख्खं गाणं होईल.

प्रश्न: पावरी, सातपुड्यातला ढोल, कानबाईची गाणी, हे वापरलं तर चालेल का? लोक चिडतील का?

ढोल वापरा. काठीच्या होळीला जो वाजतो तो मोठा ढोल अंगात शिरतो, आणि तो आनंदाचा आहे. फक्त मिक्सिंगचं एक सांगतो, ढोलाचा खालचा आवाज आणि ८०८ चा बास एकाच जागेवर येऊन एकमेकांना खातात, दोन्ही ठेवले की नुसता गुंग आवाज येतो. एक निवडा. ढोल ठेवायचा तर ८०८ काढा किंवा फक्त ढोल थांबतो तिथे आणा.

पावरीचं जरा सांभाळून. वाळलेला भोपळा आणि बांबूपासून केलेलं हे वाद्य, साक्री आणि बागलाणकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात मार्गशीर्षात वाजतं, तिच्या आवाजावर लोकांच्या अंगात येतं. ती पार्टीच्या गाण्यात चमचाभर टाकायची गोष्ट नाही. वाजवणाऱ्याला जाऊन भेटा, कुठल्या चाली देवाच्या आणि कुठल्या सहज वाजवायच्या हे तोच सांगेल, आणि नाही म्हणाला तर नाही. रेकॉर्ड करायची परवानगी मिळाली तर तिचा सूर कीबोर्डला जुळणार नाही हे आधीच धरून चला, मग पावरीला ताणून बीटवर आणू नका, बीटचा पिच खालीवर करून पावरीकडे न्या. कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम आहे, आणि पावरी पावरीसारखी राहते.

कानबाईची गाणी म्हणजे घराघरातलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जनाला बँड आणि नाच. त्या नाचाच्या भागावर काही केलं तर कोणी चिडणार नाही, बायकाच सगळ्यात आधी नाचतील. पण मांडलेल्या देवीपुढच्या गाण्यावर शिव्या असलेला व्हर्स टाकाल तर भाऊकीच घरी येईल, आणि मी तुमच्या बाजूने बोलायला येणार नाही. गुलाबाईची गाणी मात्र मला वाटतं रॅपसाठी फारच मोकळी आहेत, सासर माहेर, टोमणे, खेळ, त्यात आधीच निम्मी डिस ट्रॅकची, म्हणजे दुसऱ्याला टोमणे मारणाऱ्या रॅपची, गंमत आहे. कोणा मुलीने मनावर घ्यावं.

प्रश्न: जुन्या कॅसेटमधला तुकडा उचलला तर काय होतं? यूट्यूबवर तर सगळे उचलतात.

उचलतात, आणि मूळ मालकाचे कॉपीराइट क्लेम पण येतात. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २००२ ला अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं एक गाणं जोरात चाललं, त्यात लताबाईंचा आवाज होता, 'थोडा रेशम लगता है', १९८१ च्या 'ज्योती' पिक्चरमधलं, संगीत बप्पी लाहिरींचं. विचारलं नव्हतं, नाव दिलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि बप्पीदांचं नाव टाकल्याशिवाय अल्बम विकायचा नाही असा हुकूम निघाला. तेवढ्या मोठ्या कंपनीला भोवलं तर आपलं चॅनल काय चीज आहे.

कायदा थोडक्यात असा की गीत आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे बहिणाबाईंचे शब्द तुम्ही घेऊ शकता, त्या १९५१ ला गेल्या, पण त्या शब्दांना नंतर कोणी लावलेली चाल किंवा कोणाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग उचलायचं नाही. आजीने परंपरेने म्हटलेली ओवी कोणा एकाच्या मालकीची नसते, पण तुम्ही आजीला रेकॉर्ड केलं तर त्या गाण्यात आजीचं नाव गेलंच पाहिजे. हे मी कायद्यापेक्षा लाजेखातर सांगतोय.

प्रश्न: लोककलाकाराला किती पैसे द्यायचे?

रक्कम मी सांगणार नाही, पण पद्धत सांगतो. एक म्हणजे त्या दिवसाचे पैसे त्याच दिवशी, व्ह्यूज आल्यावर नाही. दुसरं, कागदावर दोन ओळी लिहा की गाणं चाललं तर वाटा किती. तिसरं म्हणजे नाव. डिस्क्रिप्शनच्या तळाशी बारीक नको, थंबनेलवर टाका. २०२१ चं 'एन्जॉय एन्जामी' आठवा, धी आणि अरिवूचं, तमिळ ओप्पारीचा, म्हणजे माणूस गेल्यावर म्हणायच्या शोकगीताचा, सूर आणि रॅप, जगभर गेलं. आणि मग त्याच वर्षी एका मोठ्या मासिकाच्या कव्हरवरून अरिवूच गायब म्हणून वाद झाला, २०२४ ला संगीतकार संतोष नारायणन म्हणाले की त्या गाण्याचे पैसेच आम्हाला मिळाले नाहीत. जिथे एवढी नावाजलेली माणसं अडकतात तिथे गावातल्या संबळवाल्याचं काय होत असेल याचा विचार करा. रॅपरने प्रयोग केला म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि वाजवणारा "व सहकारी"मध्ये जायचा, हे मला बिलकुल पटत नाही.

प्रश्न: गाणं कुठल्या कॅटेगरीत टाकू? हिप हॉप, फोक, का रिजनल?

जिथे लोक शोधतील तिथे. या खणांवरून मोठमोठे वाद झालेत. २०१९ मध्ये लिल नास एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' आलं, रॅप आणि कंट्री (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) दोन्ही, तर हॉट १०० यादी काढणाऱ्या बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं की हे पुरेसं कंट्री नाही. पोराने बीट ऑनलाइन ३० डॉलरला घेतला होता. ते गाणं मुख्य यादीत सलग १९ आठवडे एक नंबर राहिलं. पाच वर्षांनी २०२४ ला शबूझीचं गाणं आलं, तसंच कंट्री आणि रॅपच्या मधलं, त्यानेही १९ आठवडे केले, आणि यावेळी कंट्रीवाल्यांनी पण यादीत ठेवलं. टायलर द क्रिएटरला २०२० ला 'इगोर'साठी बेस्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला तेव्हा तो म्हणालाच की आमच्यासारख्यांनी काहीही वेगळं केलं तरी रॅपच्याच डब्यात टाकतात. तो अल्बम ऐका, त्यात रॅप शोधावा लागतो.

प्रश्न: आमचे बाबा म्हणतात ही नुसती बडबड आहे. काय सांगू?

काही सांगू नका, त्यांना वहीगायनाची आठवण करून द्या. एकजण कथा लावतो, मागचे झील धरतात, रात्रभर चालतं, त्यात सूर किती आणि सांगणं किती? तमाशातली बतावणी काय, शाहिराचा कटाव काय, श्वास न घेता शब्द फेकायची कला आपल्याकडे हिप हॉपच्या कितीतरी आधीची आहे. बाबांना मग तुमचा रॅप आवडेलच असं नाही, पण निदान टीव्हीचा आवाज कमी करतील.

प्रश्न: अहिराणीत केलं तर खान्देशाबाहेर कोण ऐकणार?

तमिळ गाणं तुम्ही ऐकताच ना.

प्रश्न: घरी करायला काय सामान लागतं?

साधा कंडेन्सर माइक, एक ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, जुना लॅपटॉप. खोलीत गोधड्या टांगा, महागड्या फोमपेक्षा चालतात. मे महिन्यात पंखा बंद करून भुसावळच्या उन्हात रेकॉर्डिंग जमणार नाही, पहाटे करा. बाहेरचे आवाज मोबाइलवर पण टिपून ठेवा, जिनिंगचं मशीन, जंक्शनवरची अनाउन्समेंट, केळीच्या ट्रकचा हॉर्न, गिरणीचा पट्टा. जिनिंगचा आवाज लूप केला तर आयता हाय-हॅट (ड्रमच्या झांजेचा बारीक ठोका) मिळतो, खरंच करून बघा. आणि शेवटी मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका कारण तुमचे ऐकणारे तिथेच आहेत, ८०८ तिथे ऐकूच येत नाही, त्याच्यावर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज जरासा फाडणारा इफेक्ट, चढवलं की वरचे सूर तयार होतात आणि बास आहे असं कानाला वाटतं.

प्रश्न: पहिल्याच झटक्यात पूर्ण अल्बम काढू का?

नको. तीन गाणी, एकच ढोलकीवाला किंवा एकच बँडवाला तिन्हीत, आणि तिन्ही वेगळ्या वेगाची. त्या माणसाशी जमलं की पुढची पाच आपोआप सुचतात. आठ गाण्यांसाठी आठ वेगळे बीट यूट्यूबवरून उतरवले तर अल्बमचं नाव काहीही ठेवा, ती प्लेलिस्टच.

प्रश्न: आमचं गाणं लग्नात बँडवाले वाजवतील का?

हुक, म्हणजे परत परत येणारी मुख्य ओळ, चार-पाच सुरांत बसत असेल तर नक्की वाजवतील. त्यांना पेन ड्राइव्ह देऊ नका, चाल गुणगुणून द्या, कीबोर्डवाला दोन लग्नांत पाठ करतो. रॅपचा भाग मात्र ते सोडून देतील. तिथे नवरदेवाचा मामा माइक घेऊन जे काय बोलेल त्याची जबाबदारी माझी नाही.